लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी वेगाचा सराव : इंटरव्हल कसे, किती आणि कोणत्या वेगाने?

खानापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. गेली नऊ वर्षे मी अर्धमॅरेथॉन धावतो. सैन्यभरतीची तयारी करणारी गावातील आठ-दहा मुले रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर येतात, त्यांच्या सरावाकडेही लक्ष देतो. या दोन्ही निमित्तांनी वेगाच्या सरावाविषयी जे वाचले आणि करून पाहिले ते येथे सविस्तर मांडतो आहे, कारण आपल्या सीमाभागात धावणारे पुष्कळ असूनही या विषयावर मराठीत नीट लिहिलेले फारसे हाती लागत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचे चंदगड या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर दोन प्रकारचे धावणारे दिसतात. पहिली भरतीची मुले. भरतीत १६०० मीटर धावायचे असते आणि साडेपाच मिनिटांच्या आत आले की पूर्ण गुण मिळतात, एवढे कळल्यावर ती रोज १६०० मीटर जीव तोडून धावतात. ४०० मीटरची पहिली फेरी ऐंशी सेकंदांत, चौथी आणि शेवटची दोन मिनिटांजवळ, आणि मग मैदानावर आडवे. दुसरे आमच्यासारखे चाळिशीतले. ते बेळगावात रेसकोर्सच्या किंवा व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात रोज त्याच वेगाने तेच आठ-दहा किलोमीटर धावतात आणि दोन-तीन वर्षांत वेळ जराही सुधारली नाही म्हणून खंतावतात. पहिल्यांचा प्रत्येक दिवस परीक्षेचा असतो आणि दुसऱ्यांचा एकही दिवस कठीण नसतो, तरी दोघांच्याही सरावातून एकच गोष्ट गळलेली असते, ती म्हणजे मोजून घेतलेली विश्रांती.

वेगाने धावण्याचे छोटे तुकडे आणि त्यांच्यामध्ये मोजलेली विश्रांती, अशा सरावाला इंटरव्हल म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी मधला अवकाश असा आहे. सिनेमाच्या मध्यंतराला आपण जे म्हणतो तोच हा शब्द. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीला शास्त्रीय चौकट दिली. नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाईल इतके धावायचे, ती १२० पर्यंत उतरू द्यायची आणि मग पुन्हा निघायचे, असा त्यांचा नियम होता. नाडी उतरायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर धाव गरजेपेक्षा वेगवान किंवा लांब झाली असे ते मानत. हृदयाला बळकटी या उतरणीच्या काळात येते अशी त्यांची धारणा होती, म्हणून नाव धावण्यावरून न पडता मधल्या अवकाशावरून पडले. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो जागतिक विक्रम केला, तो सोळा वर्षे टिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या आणि त्यांच्यामध्ये २०० मीटर हलकी धाव हाच आपल्या सरावाचा कणा केला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० मीटर आणि आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली.

आज या पद्धतीचे स्पष्टीकरण थोडे वेगळे दिले जाते. शरीर प्राणवायू जास्तीत जास्त ज्या दराने वापरू शकते त्या पातळीवर नेणारा वेग सराव असलेला धावपटूसुद्धा सलग सहा-आठ मिनिटे, फार तर दहा मिनिटे टिकवू शकतो. तोच वेग तीन ते पाच मिनिटांच्या तुकड्यांत वाटला आणि मध्ये जवळपास तेवढाच वेळ हलके धावले, तर एका सकाळी त्या पातळीजवळ पंधरा मिनिटे घालवता येतात. तुकडा फार छोटा असून विश्रांती भरपूर घेतली, तर प्राणवायूचा वापर वर चढेपर्यंत तुकडाच संपतो, कारण त्याला चढायलाच मिनिट-दीड मिनिट लागते. तुकडा फार लांब केला तर पाय जड होतात, वेग पडतो, आणि राहतो तो नुसता थकवा.

तीन वर्षांपूर्वी मी एका वेगवान धावपटूचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले होते. त्यात ४०० मीटरच्या दहा फेऱ्या होत्या, त्याही आठवड्यातून दोनदा. माझ्या त्या वेळच्या तयारीला एका फेरीसाठी १०० सेकंद योग्य होते, पण मी पहिल्या फेऱ्या ८८ सेकंदांत काढत असे आणि शेवटच्या ११० वर जात. सातव्या आठवड्यात उजव्या नडगीत दुखणे सुरू झाले आणि पुढील सहा आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवावे लागले. त्यानंतर मी स्वतःला आणि मुलांना एकच कसोटी लावत आलो आहे : शेवटचा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात यायला हवा आणि तो संपल्यावर अजून एक करता आला असता असे वाटायला हवे. तुकड्याचा वेग आजच्या खऱ्या वेळेवरून ठरवायचा, मनात धरलेल्या वेळेवरून नाही.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत, ही विनंती.

टिळकवाडीकर

सर, धागा अगदी वेळेवर आला. मी ४१ वर्षांची आहे, १० किलोमीटर ५८ मिनिटांत धावते आणि आठवड्याला ३५ किलोमीटर होतात. येत्या जानेवारीत मुंबईला अर्धमॅरेथॉन धावायची आहे. आमच्या गटात सर्वांनी मिळून १००० मीटरचे सहा तुकडे करायचे असा रिवाज पडला आहे. गटातील तरुण ते चार मिनिटांत करतात, मला साडेपाच मिनिटे लागतात, आणि चौथ्या तुकड्यापासून मी अक्षरशः ओढली जाते. मी कमी पडते म्हणून असे होते, की आखणीच माझ्यासाठी चुकीची आहे, हे कृपया सांगावे. शिवाय आम्ही लेले मैदानाच्या कडेने धावतो, त्या फेरीचे अंतर प्रत्येकाच्या घड्याळात वेगळे दिसते.

खानापूरकर (धागाकर्ता)

ताई, आखणी चुकीची आहे. शरीराला अंतर कळत नाही, त्या वेगाने गेलेला वेळ कळतो. तुमच्या गटातील तरुणाला १००० मीटर म्हणजे चार मिनिटांचे काम. तुम्हाला तेच साडेपाच मिनिटांचे, म्हणजे तीन-ते-पाच मिनिटांच्या मर्यादेबाहेरचे. त्यातच सहा तुकडे म्हणजे तेहतीस मिनिटे झाली, त्यांची मात्र चोवीसच. कागदावर सराव सारखा दिसत असला तरी तुमच्यावरचा भार कितीतरी अधिक पडतो आहे.

तुमचा वेग ठीकच आहे, किलोमीटरला साडेपाच मिनिटे. त्याच वेगाने ८०० मीटर धावा, म्हणजे एक तुकडा ४ मिनिटे २४ सेकंदांचा होईल. या प्रकारच्या तुकड्यांचे एकूण अंतर आठवड्याच्या अंतराच्या आठ टक्क्यांच्या आसपास ठेवावे असा एक ढोबळ नियम प्रशिक्षक वापरतात. ३५ किलोमीटरचे आठ टक्के म्हणजे २.८ किलोमीटर, तेव्हा तीन तुकड्यांपासून सुरुवात करून चारवर थांबा. प्रत्येक तुकड्यानंतर साडेतीन ते चार मिनिटे अगदी सावकाश धावा. त्या वेळात उभे राहून गप्पा मारू नका आणि घाईने पुढचा तुकडाही सुरू करू नका. गट एकत्र ठेवायचा असेल तर सर्वांनी चार मिनिटांची शिट्टी पाळावी : पहिल्या शिट्टीला निघायचे, दुसरीला जेथे असाल तेथून हलके धावत परत यायचे. अंतर ज्याचे त्याचे, वेळ सर्वांचा एकच.

अर्धमॅरेथॉनसाठी याहूनही उपयोगाचा सराव म्हणजे टेम्पो. साधारण तासभर टिकेल त्या वेगाने, म्हणजे तुमच्या बाबतीत किलोमीटरला ५:५० ते ६:०० च्या दरम्यान, वीस मिनिटे सलग किंवा दहा-दहा मिनिटांचे दोन भाग मध्ये दोन मिनिटे सोडून. इंटरव्हल आणि टेम्पो एकाच आठवड्यात करायचे तर दोघांमध्ये किमान दोन हलके दिवस असू द्या. मुंबईची हवा दमट असते. आपल्या थंड सकाळी बसलेला वेग तेथे तसाच मिळेल असे धरू नका. पहिले पाच किलोमीटर श्वासावर लक्ष ठेवून धावा.

अंतराविषयी सांगायचे तर घड्याळातील उपग्रहमापन छोट्या, वळणाच्या फेरीत चुकते, कारण ते वळणाचे कोपरे कापत जाते. मोजपट्टी घेऊन एकदा फेरी मोजा आणि दर १०० मीटरला खूण करा. आम्ही शाळेच्या मैदानावर फक्कीने २०० मीटरची फेरी आखली आहे. नुसती रेघ असेल तर अंतर रेघेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजायचे असते. पूर्ण आकाराच्या ट्रॅकवर धावायला मिळाले तरी ४०० मीटर हे अंतर फक्त पहिल्या लेनचे असते हे लक्षात ठेवा. दुसऱ्या लेनमध्ये फेरी सुमारे ४०७ मीटरची आणि आठव्या लेनमध्ये ४५३ मीटरची भरते. बाहेरच्या लेनमधून धावून आपण मंद झालो असे वाटून खचलेली माणसे मी पाहिली आहेत.

निवृत्त सुभेदार

गुरुजी, तुमचे लेखन काळजीपूर्वक वाचले. बेळगावातील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात माझी तरुणपणाची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर चंदगड तालुक्यात मीही मुलांना धावायला नेतो, त्यामुळे अधिकाराने नाही तरी अनुभवाने काही लिहितो.

विश्रांतीचे महत्त्व मला मान्य आहे. परंतु रोज मोजून-मापून, दम राखून धावलेला मुलगा भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत जेव्हा छाती फुटेल असे वाटते तेव्हा काय करील, हा प्रश्न तुमच्या लेखात आलेला नाही. १६०० मीटरची तिसरी फेरी हीच खरी परीक्षा असते. पहिली उत्साहात जाते, दुसरी तिच्या जोरावर, चौथीत शेवट दिसतो. तिसरीत माणूस एकटा असतो. ती यातना ओळखीची व्हावी म्हणून पूर्ण अंतर पूर्ण जोराने धावण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. दुसरे असे की भरतीत मुले मोठ्या घोळक्याने एकदम सुटतात. पहिल्या दोनशे मीटरांत धक्काबुक्की होते, कोणी पडतो, कोणी आतल्या कडेला कोंडला जातो. एकट्याने शिस्तीत ४०० मीटर धावणाऱ्या मुलाला याची सवय नसते. म्हणून मी पंधरा-वीस मुलांना मुद्दाम एकत्र सोडतो.

आणि एक गोष्ट या धाग्यावर नोंदली जावी असे वाटते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. त्या वर्षी शर्यतीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते आणि चौगुले २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ देऊन १९ वे आले. तुमच्यासारखा हिशेब करून पाहिला तर किलोमीटरला चार मिनिटे पडतात. शंभर वर्षांपूर्वी, ना घड्याळ ना शास्त्र. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नसते याचे मला दुःख होते.

खानापूरकर (धागाकर्ता)

सुभेदार साहेब, चौगुले यांची आठवण दिल्याबद्दल मनापासून आभार. उद्या प्रार्थनेच्या वेळी शाळेत हे सांगणार आहे.

तिसऱ्या फेरीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे आणि माझ्या लेखात ती उणीव होती हे मान्य करतो. आमच्याकडे दर तीन आठवड्यांनी एकदा पूर्ण १६०० मीटरची चाचणी असते. त्या दिवशी आपण म्हणता तसे सर्वांना एकत्र सोडण्याची पद्धत यापुढे ठेवीन. मात्र रोज पूर्ण जोराने धावण्याबाबत माझा मतभेद कायम आहे. रोजच्या परीक्षेत मुलगा तिसऱ्या फेरीत टिकायला शिकत नाही, तिसऱ्या फेरीत वेग सोडायला शिकतो, कारण कालचा थकवा पायात असतो आणि वेग सोडण्याची सवयच पक्की होते. मी माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या फेऱ्यांच्या वेळा लिहितो. रोज जोर लावणाऱ्या मुलांची तिसरी फेरी पहिलीपेक्षा पंधरा-वीस सेकंदांनी मागे पडलेली दिसते. तुकड्यांचा सराव दोन महिने केलेल्या मुलांमध्ये तोच फरक चार-पाच सेकंदांवर येतो. नमुना लहान आहे, दहा मुलांचा, पण वही माझ्यासमोर आहे.

शहापूर फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि भरतीच्या हंगामाआधी दरवर्षी माझ्याकडे नडगीच्या दुखण्याची मुले येतात. सरांनी वर्णन केलेली दुखापत मी सतत पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वेग वाढला की पोटरी, टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) आणि मांडीच्या मागचा स्नायू यांवरचा ताण झपाट्याने वाढतो. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, हाडे आणि कंडरा मात्र महिने घेतात. धोका याच तफावतीत आहे : दम टिकतो म्हणून मुलगा वेग वाढवतो आणि हाड त्या वेगाला तयार नसते. म्हणून निदान दोन महिने नियमित हलके धावणे झाल्याशिवाय इंटरव्हल सुरू करू नयेत, आणि सुरुवात छोट्या चढावर करावी. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो आणि पाऊल आपटण्याचा जोरही कमी असतो.

नडगीवर सगळीकडे पसरलेले दुखणे आणि एका बोटाने दाखवता येईल असे हाडावरचे दुखणे यांत फरक करायला शिका. पहिले बहुधा भार कमी केल्यावर बरे होते. दुसरे, विशेषतः रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्या दिवसापासून धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. गोळी खाऊन भरतीला उभे राहिलेला एक मुलगा नंतर चार महिने चालताना लंगडत होता.

दोनशे मीटरच्या छोट्या फेरीवर नेहमी एकाच दिशेने धावल्यास वळणावर आतल्या पायावर वेगळा ताण येतो. वॉर्मअप आणि हलकी धाव उलट दिशेने करावी. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड, दोन्ही पायांनी आणि मग एकेका पायाने, जरूर करावा. त्याला काही साधन लागत नाही.

महिला धावपटूंसाठी एक वेगळी सूचना. नीट सराव करूनही तुकड्यांचे वेग पडत असतील आणि नेहमीपेक्षा लवकर धाप लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून घ्या. आपल्याकडे जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेण्याची सवय आहे, त्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते. नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खाल्ली तर वर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या.

चाळिशीपुढच्यांनी, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर, इंटरव्हल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. २२० मधून वय वजा करून येणारी नाडीची मर्यादा ही केवळ सरासरी आहे. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ती दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. त्या आकड्यावर विसंबून जोर ठरवू नये.

येळ्ळूरकर

सर्वांना नमस्कार. मी १९ वर्षांचा आहे आणि भरतीची तयारी करतो. १६०० मीटर ६ मिनिटे २० सेकंदांत होतात. आठवड्याला ४० किलोमीटर धावतो, पण त्यात रोज एकदा १६०० मीटर जोरात असतेच. पहिली फेरी ८४ सेकंदांत होते, शेवटची १०४ पर्यंत जाते. एका प्रशिक्षण वर्गात मला सांगण्यात आले की रोज साडेपाच मिनिटांच्या वेगाने जितके जमेल तितके धावायचे, म्हणजे हळूहळू अंतर वाढेल. सहा महिन्यांत अंतर वाढले नाही. आमच्याकडे मोजलेले मैदान नाही, पण राजहंसगडाचा रस्ता जवळ आहे. तसेच बेळगाव उंचावर आहे, त्यामुळे येथे सराव केल्याचा सखल भागातील भरतीत फायदा होतो असे मित्र म्हणतात, ते खरे आहे का?

खानापूरकर (धागाकर्ता)

आधी उंचीचे सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. विरळ हवेचा उपयोग करून घेण्यासाठी धावपटू साधारण दोन हजार मीटर किंवा त्याहून उंचावर राहतात. केनियातील इटेन २,४०० मीटरच्या आसपास आहे. आपल्याला फायदा होतो तो गार सकाळचा, आणि तो बराच मोठा आहे, कारण वर्षातील बहुतेक महिने येथे पहाटे जोराचा सराव उन्हाच्या त्रासाविना करता येतो.

आता तुमचा सराव. ६:२० म्हणजे फेरीला सरासरी ९५ सेकंद. साडेपाच मिनिटांसाठी फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत यायला हवी, म्हणजे अंतर साडेबारा सेकंदांचे आहे. हे अंतर एका उडीत पार होणार नाही. तुम्ही रोज नऊ-दहा महिन्यांनंतरच्या वेगाने सुरुवात करता आणि त्या वेगाला शरीर तयार नसल्यामुळे अर्ध्यावर मोडता. रोजचे १६०० मीटर आजपासून बंद करा.

आठवड्यातून एक दिवस, समजा मंगळवारी, ८०० मीटरचे चार तुकडे ३:२४ च्या वेगाने, प्रत्येकानंतर तीन मिनिटे हलकी धाव. हा वेग तुम्हाला पहिल्या दिवशी फार सोपा वाटेल आणि तुम्ही तो वाढवू पाहाल. वाढवू नका. शुक्रवारी २०० मीटरच्या आठ धावा ४६ ते ४७ सेकंदांत, मध्ये पूर्ण दम भरेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन मिनिटे चालणे किंवा सावकाश धावणे. हा दुसरा सराव दमाचा नाही, पावलांचा आहे. मोठ्या वेगाने सैल, न आखडता धावायला तो शिकवतो, म्हणून त्यात विश्रांती अधिक. रविवारी बारा किलोमीटर सावकाश. उरलेल्या दिवसांत किलोमीटरला साडेपाच-सहा मिनिटांच्या वेगाने, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असे. दर दुसऱ्या आठवड्यात मंगळवारच्या ऐवजी राजहंसगडाच्या चढावर एकेक मिनिटाच्या आठ धावा करा आणि चालत खाली या. उतरताना धावू नका.

मैदान नसेल तर येळ्ळूरच्या रस्त्यावर सपाट भाग शोधून मोजपट्टीने ४०० मीटर मोजा, झाडावर किंवा दगडावर खूण करा आणि जाऊन-येऊन धावा. वळताना दोन-तीन सेकंद जातात, ते हिशेबात धरा.

निपाणीकर

आमच्याकडे सपाट मोजलेला रस्ताही मिळत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेपासून उसाचे ट्रॅक्टर आणि गाड्या चालू होतात, त्यामुळे मुख्य रस्त्यावर घड्याळ लावून धावणे जिवावरचे आहे. आम्ही शेताच्या बांधाने आणि पाणंदीने धावतो. तेथे स्वीडनचे प्रशिक्षक गोस्ता होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रुजवलेली फार्टलेकची पद्धत उत्तम चालते. फार्टलेक म्हणजे वेगाचा खेळ. त्या विहिरीपासून वडापर्यंत जोरात, वडापासून ओढ्यापर्यंत हलके, पुन्हा चढ संपेपर्यंत जोरात, असे चाळीस मिनिटे. पावसाळ्यात वाट चिखलाची असते, दगडावर शेवाळ असते, तेव्हा सेकंद मोजण्याला तसाही अर्थ राहत नाही. श्वास किती लागला एवढेच पाहायचे.

माझा अनुभव असा की चार महिने केवळ फार्टलेक करूनही माझे १० किलोमीटर ५१ मिनिटांवरून ४८ वर आले. तेव्हा मोजलेले मैदान नाही म्हणून कोणी थांबू नये. मात्र अंधारात पाणंदीत धावताना डोक्यावर दिवा आणि सोबत कोणीतरी हवेच, सापांचा भाग आहे.

टिळकवाडीकर

शिट्टीची पद्धत आम्ही गेले तीन बुधवार वापरतो आहोत. माझे चारही तुकडे जवळजवळ सारख्याच अंतराचे आले आणि प्रथमच सरावानंतर दुपारी ऑफिसात डोळे मिटत नव्हते. गटातील एका तरुणाने मात्र तक्रार केली की चार मिनिटांत तो हजार मीटरच्या पुढे जातो आणि परत यायला त्याला जास्त अंतर पडते. त्यावर काय करावे?

खानापूरकर (धागाकर्ता)

त्याला दुसऱ्या शिट्टीला परत न आणता पुढच्या तुकड्यासाठी उलट दिशेने सोडा. फेरीवर असाल तर परत यायची गरजच नाही. जो जेथे असेल तेथून हलके धावत राहील आणि तिसऱ्या शिट्टीला तेथूनच निघेल.

येळ्ळूरकर

सर, पाच आठवडे झाले. पहिल्या मंगळवारी मी सांगितलेले ऐकले नाही, पहिला तुकडा ३:०८ मध्ये काढला आणि चौथा ३:४१ वर गेला. दुसऱ्या मंगळवारपासून वेग धरून ठेवला. काल शेवटचे चार तुकडे ३:२५, ३:२४, ३:२४, ३:२३ असे आले. त्याआधी रविवारी सुभेदार साहेबांनी सुचवल्याप्रमाणे गावातील चौदा मुलांनी एकत्र १६०० मीटरची चाचणी घेतली. माझ्या फेऱ्या ९३, ९४, ९३ आणि ८९ सेकंदांच्या झाल्या, एकूण ६:०९. तिसऱ्या फेरीत माझ्या पुढे असलेले पाच जण मागे पडताना दिसले, तेव्हा खूप धीर आला. डाव्या नडगीत थोडे दुखते आहे, पण ते पसरलेले आहे, एका जागी नाही. आता तुकडे ३:१० ने करू का?

निवृत्त सुभेदार

९३, ९४, ९३ आणि शेवटी ८९. शाबास. गुरुजी, तिसऱ्या फेरीविषयीचा तुमचा मुद्दा मी माझ्या मुलांवर करून पाहतो.

खानापूरकर (धागाकर्ता)

३:१० नाही. ६:०९ च्या वेळेला ८०० मीटरचा वेग ३:१९ येतो, तोच धरा आणि २०० मीटरच्या धावा ४५ सेकंदांत करा. तुकडे चारच राहतील. पण त्याआधी हा आठवडा पूर्ण हलका : मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही गाळा, रविवारी आठ किलोमीटर मातीच्या वाटेवरून, आणि फिजिओ मॅडमनी सांगितलेला पायरीवरचा व्यायाम सुरू करा. पुढच्या सोमवारी नडगी दाबून दुखत नसेल तरच मंगळवारी ३:१९ ने सुरुवात करा. दुखत असेल तर एकदा शहापूरला दाखवून या. पुढची चाचणी आजपासून चार आठवड्यांनी.